पियानोचें पहिलें पुस्तक

घरांत पियानो आला, शिक्षक ठरले, आठवड्याचे वार ठरले, कीं पुढचा प्रश्न पुस्तकाचा. हा प्रश्न बहुधा सर्वांत कमी विचारानें सोडविला जातो. दुकानांत जें मिळेल तें, शेजारच्या मुलीनें जें वापरलें तें, किंवा आईच्या लहानपणापासून कपाटांत पडून राहिलेलें, असें कोणतें तरी एक पुस्तक पियानोवर उभें केलें जातें. पियानो विकत घेतांना जाणकाराला बरोबर नेणारीं माणसेंहि पुस्तकाच्या बाबतींत वेष्टनावरील चित्रापलीकडे क्वचितच पाहतात. पुढें वर्षा-दीड वर्षानें मूल पियानोजवळ बसावयाचें टाळूं लागलें, म्हणजे “त्याला गाण्याचा कानच नाहीं” असा निकाल दिला जातो, पियानोवर कापड पडतें, आणि त्या मुलाचा संगीताशीं असलेला संबंध तेथेंच संपतो. कित्येक वेळां दोष कानाचा नसतो. जें पुस्तकानें शिकविलेंच नाहीं, तें येत नाहीं म्हणून मूल शिक्षा भोगत असतें.

पहिल्या पुस्तकाकडून अपेक्षा कोणती करावयाची, हें प्रथम ठरलें पाहिजे. पियानो वाजविणाऱ्याला एकाच वेळीं तीन कामें करावीं लागतात. डोळ्यांनीं कागदावरील खुणा वाचावयाच्या, हातांनीं त्या पट्ट्यांवर उतरवावयाच्या, आणि उमटलेला स्वर बरोबर आहे कीं नाहीं हें कानांनीं पारखावयाचें. या तिहींपैकीं एकाची उपासमार करून दुसऱ्याला पोसणारें पुस्तक आरंभीं झपाट्याच्या प्रगतीचा भास उत्पन्न करतें. तीन महिन्यांत मूल पाहुण्यांसमोर चार चाली वाजवून दाखवितें. घरचीं माणसें संतुष्ट होतात. पांचवी चाल मात्र शिक्षकांनीं एकेक पट्टी दाखविल्यावांचून त्याला वाजवितां येत नाहीं. म्हणून पुस्तकाची कसोटी साधी परंतु कठोर असावी. तें संपल्यावर, पूर्वीं कधींहि न पाहिलेली, तितकीच सोपी अशी एक नवी चाल मुलाला कोणाच्याहि मदतीवांचून वाचून वाजवितां आली पाहिजे. पुस्तकांतील किती चाली पाठ झाल्या, हा हिशेब त्यापुढें गौण होय.

ही कसोटी नीट समजण्यासाठीं युरोपीय स्वरलेखनाचें स्वरूप थोडें लक्षांत घ्यावें लागतें. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर आणि पं. विष्णु नारायण भातखंडे यांनीं घालून दिलेल्या लेखनपद्धतींत स्वराचें नांव अक्षरानें लिहितात. वाचणारा अक्षर ओळखतो आणि स्वर लावतो. स्टाफ नोटेशनमध्यें नांव लिहिलेलें नसतें. पांच आडव्या रेषा आणि त्यांच्यामधील चार मोकळ्या जागा यांवर टिंबें मांडलेलीं असतात. टिंब वर सरकलें कीं स्वर चढला, खालीं आलें कीं उतरला. रेषेवरून लगतच्या मोकळ्या जागेंत तें गेलें तर शेजारचा स्वर वाजवावयाचा. एका रेषेवरून लगतच्या रेषेवर गेलें तर मधला एक स्वर सोडून पुढचा. म्हणजे हें लेखन एका अर्थीं चालीचें चित्रच आहे. पियानोसाठीं अशा पांच-पांच रेषांच्या दोन ओळी एकीखालीं एक असतात. सामान्यतः वरची उजव्या हाताची आणि खालची डाव्या हाताची. वरच्या ओळीच्या आरंभीं ट्रेबल क्लेफ व खालच्या ओळीच्या आरंभीं बेस क्लेफ हें चिन्ह असतें. दोन्ही ओळींच्या मधोमध एका तोकड्या रेषेवर जो स्वर लिहितात, तो मिडल सी. पियानोच्या साधारण मध्यभागीं त्याची पट्टी असते.

ज्या मराठी घरांत बाजाची पेटी आहे, तेथील मुलाला या आरंभीं एक सोय आणि एक अडचण असते. दोन काळ्या, तीन काळ्या, पुन्हा दोन काळ्या, ही पट्ट्यांची मांडणी त्याच्या परिचयाची असते. काळी एक आणि पांढरी चार हे शब्द त्यानें ऐकलेले असतात. पट्ट्यांचीं नांवें पढविण्यांत वीस पानें खर्च करणारें पुस्तक अशा मुलाला कंटाळवाणें होतें. परंतु पेटीवर सा फिरता असतो. गळ्याला जी पट्टी मानवेल ती सा होते. पियानोच्या पुस्तकांतील सी आपली जागा सोडीत नाहीं. शिवाय पेटी वाजवितांना एक हात भात्यावर गुंतलेला असतो, म्हणून डाव्या हाताच्या बोटांना स्वर वाजविण्याची संवय नसते. तेव्हां अशा घरासाठीं पुस्तक पाहतांना डाव्या हाताला पहिल्या पानांपासून उजव्याइतकेंच काम दिलें आहे कीं नाहीं, हें आवर्जून पहावें.

गोव्यांत निराळी परंपरा होती. पोर्तुगीज अमदानींत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना सोल्फेज, म्हणजे टिंबें वाचून स्वर गाण्याची तालीम मिळे, आणि व्हायोलिनसारखें वाद्य बहुधा त्यानंतर हातीं येई. त्या शाळांतून तयार झालेल्या अनेक वादकांनीं पुढें मुंबईच्या चित्रपटसंगीतांतील वाद्यवृंद सांभाळले. समोर ठेवलेला कागद पाहतांच वाजविण्याचें जें सामर्थ्य त्यांच्या अंगीं होतें, त्याचा पाया बोटांच्या आधीं डोळा आणि गळा यांच्यांत घातलेला होता. पियानोच्या पहिल्या पुस्तकांत शब्दांसह गातां येण्याजोग्या चाली असाव्यात, हा आग्रह याच कारणास्तव धरावयाचा.

आरंभीच्या विद्यार्थ्याचें पुस्तक मुळांत दुकानांत विकत घ्यावयाची वस्तु नव्हतें. १७२० सालच्या जानेवारींत जर्मनींतील क्योथेन येथें योहान सेबास्टियन बाख यानें आपला नऊ वर्षांचा मुलगा विल्हेल्म फ्रीडमान याच्यासाठीं एक वही सुरू केली. त्या काळीं घरोघर हार्पसिकॉर्ड व क्लॅव्हिकॉर्ड हीं वाद्यें असत. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यानें १७०० च्या सुमारास बनविलेला पियानो अद्याप सर्वत्र पोंचावयाचा होता. वहीच्या आरंभीं क्लेफचीं चिन्हें व स्वरांचीं नांवें, मग अलंकारांचें कोष्टक, मग कोणत्या स्वराला कोणतें बोट लावावें हें लिहून दिलेली एक लहान रचना, आणि त्यानंतर हळू हळू अवघड होत जाणाऱ्या रचना, असा तिचा क्रम आहे. ही वही एका मुलासाठीं होती. त्याचा हात केवढा, त्याला काल काय आलें आणि आज कोठें अडलें, हें लिहिणाऱ्यास ठाऊक होतें. छापील पुस्तकाला हें ठाऊक असणें शक्य नाहीं, आणि छापील पुस्तकांचा पुढचा सर्व इतिहास ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

पियानो मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत शिरला तशी पुस्तकांची मागणी वाढली. लंडनमध्यें स्थायिक झालेला मुत्सिओ क्लेमेन्ती हा वादक, रचनाकार, प्रकाशक आणि पियानोंचा कारखानदारहि होता. त्याचें आरंभीच्या विद्यार्थ्यांसाठीं लिहिलेलें पुस्तक १८०१ सालीं निघालें. बेथोव्हेनचा शिष्य आणि लिस्टचा गुरु कार्ल चेर्नी याचा ५९९ क्रमांकाचा ग्रंथ शंभर लहान धड्यांचा आहे. फर्डिनांड बेयर या जर्मन संगीतकाराचें १०१ क्रमांकाचें पुस्तक १८५० च्या सुमारास प्रसिद्ध झालें आणि त्याला विलक्षण दीर्घायुष्य लाभलें. १८८० सालीं ल्यूथर व्हायटिंग मेसन या अमेरिकन शिक्षकानें तें जपानांत नेलें, आणि तेथें पुढें कित्येक पिढ्यांनीं पियानोचा आरंभ बेयरपासूनच केला. बेयरची मांडणी टापटिपीची आहे, बोटांना तो घाई करीत नाहीं; परंतु त्याच्या आरंभीच्या पुष्कळ धड्यांत दोन्ही हात ट्रेबल क्लेफमध्येंच वाजतात. बेस क्लेफ बऱ्याच उशिरां येतो, आणि तोंवर वरच्या ओळीला सरावलेला डोळा खालच्या ओळीला परकी मानूं लागतो.

विसाव्या शतकांत अमेरिकेंत या पुस्तकांचा जणूं स्वतंत्र व्यवसायच झाला. आज दुकानांत जीं पुस्तकें मांडलेलीं दिसतात त्यांचीं वेष्टनें कितीहि भिन्न असलीं, तरी वाचन शिकविण्याचे त्यांचे मार्ग मुख्यतः तीनच आहेत. हे तीन मार्ग ज्याला ओळखतां आले, त्याला कोणतेंहि पुस्तक पांच मिनिटांत समजतें.

पहिला मार्ग मिडल सीचा. दोन्ही हातांचे अंगठे मिडल सीवर ठेवावयाचे. उजवीकडे चार पट्ट्या उजव्या हाताच्या, डावीकडे चार डाव्या हाताच्या. एकंदर नऊ स्वरांत पहिले कित्येक आठवडे निघून जातात. जॉन थॉम्सन याचें १९३६ सालीं निघालेलें लहान मुलांचें पुस्तक हा या मार्गाचा प्रसिद्ध नमुना आहे, आणि भारतांतील अनेक घरांनीं पियानोचा श्रीगणेशा त्याच्याच पुस्तकांनीं केला आहे. या मार्गांत हात स्थिर राहतो, ओळखीच्या चाली लवकर वाजतात आणि मुलाला हुरूप येतो. धोका असा कीं, मूल स्वर वाचण्याऐवजीं बोट वाचूं लागतें. मिडल सी म्हणजे अंगठा आणि त्याच्या शेजारचा स्वर म्हणजे दुसरें बोट, अशी त्याची समजूत होते. हाताची जागा बदलली कीं ही समजूत कोसळते, आणि “पहिलें पुस्तक सोपें होतें, दुसरें फार कठीण आहे” अशी तक्रार ऐकूं येते. दुसरें पुस्तक कठीण नसतें. पहिल्यांतील उणीव तेथें उघडी पडते. थॉम्सन वापरूं नये असा याचा अर्थ नाहीं. तें वापरणाऱ्या शिक्षकांनीं तीच चाल निराळ्या बोटानें, निराळ्या पट्टीपासून वाजवून घ्यावी, म्हणजे हा दोष पुष्कळसा निघून जातो.

दुसरा मार्ग अनेक स्केलांचा. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजांतील रॉबर्ट पेस यांनीं त्याचा विशेष पुरस्कार केला. येथें मूल सीपाशीं अडकून न राहतां लवकरच सर्व बारा पट्ट्यांपासून पांच-पांच स्वरांचा हात बसवितें, आणि एकच चाल जागा बदलून वाजवितें. ज्या मुलानें गाणाऱ्यासाठीं पेटीची पट्टी बदललेली पाहिली आहे, त्याला ही कल्पना सहज पटते. काळ्या पट्ट्यांची भीति राहत नाहीं आणि कान तयार होतो. परंतु आकाराच्या आधारें हात चटकन् बसत असल्यामुळें टिंबें वाचण्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. शिक्षक जागरूक नसतील तर मूल सर्व कांहीं अंदाजानेंच वाजवूं लागतें.

तिसरा मार्ग अंतरांचा व खुणेच्या स्वरांचा. फ्रान्सेस क्लार्क या अमेरिकन बाईंनीं विसाव्या शतकाच्या मध्यास आपल्या पुस्तकांतून तो रूढ केला. प्रत्येक टिंबाचें नांव आठवीत बसण्याऐवजीं मूल तीन स्वर पक्के ओळखतें: मिडल सी, त्याच्या वरचा जी आणि त्याच्या खालचा एफ. ही निवड मनमानी नाहीं. ट्रेबल क्लेफचें चिन्ह हें जी या अक्षराचें जुनें रूप आहे आणि तें जीची रेषा दाखवितें. बेस क्लेफ हें एफचें जुनें रूप आहे आणि तें एफची रेषा दाखवितें. या तीन खुणांपासून पुढचें टिंब एक पायरी वर आहे कीं दोन पायऱ्या खालीं, एवढेंच पहावयाचें. मूल आरंभीं पांच रेषांऐवजीं एक-दोन रेषांवर वाचतें, आणि रेषा हळू हळू वाढत जातात. ज्या घरांत ओळखीच्या चालींची घाई आहे, तेथें हा मार्ग संथ वाटतो. परंतु नवा कागद स्वतः वाचण्याच्या कसोटीला तो सर्वांत सरळ उतरतो, कारण स्टाफ नोटेशन हें चालीचें चित्र आहे, या गोष्टीचाच तो आधार घेतो.

या तिन्हींहून वेगळी दिशा जपानच्या शिनइचि सुझुकी यांची. मूल मातृभाषा ऐकून बोलतें आणि अक्षरें मागाहून शिकतें, त्याच क्रमानें संगीत शिकवावें, असें ते म्हणत. ते स्वतः व्हायोलिनचे शिक्षक. त्यांच्या पद्धतीचीं पियानोचीं पुस्तकें पुढें तयार झालीं. तेथें ध्वनिमुद्रिका रोज ऐकणें आणि आई किंवा वडिलांपैकीं एकानें धड्याला उपस्थित राहणें हें पुस्तकाइतकेंच महत्त्वाचें असतें. गुरुमुखांतून विद्या घेण्याची परंपरा ज्या समाजांत जिवंत आहे, त्याला यांत नवल वाटूं नये. मात्र ज्या पालकांना रोज अर्धा तास मुलाजवळ बसणें शक्य नाहीं, त्यांनीं केवळ पुस्तक आणून ही पद्धति घरीं चालविण्याचा प्रयत्न करूं नये. पांच-सहा वर्षांच्या मुलाला ती मानवते. दहाव्या वर्षीं आरंभ करणाऱ्या मुलाला वाचन लांबणीवर टाकणें सोसत नाहीं.

अलीकडच्या मालांत नॅन्सी व रँडल फेबर, जेम्स बॅस्टियन आणि आल्फ्रेड या प्रकाशनसंस्थेच्या पुस्तकमाला सर्वत्र आढळतात. या मालांनीं वरील मार्गांचें कमीअधिक मिश्रण केलें आहे. फेबरांच्या पहिल्या पुस्तकांत मूल प्रथम काळ्या पट्ट्यांवर, रेषांवांचून वर-खालीं जाणाऱ्या टिंबांनीं वाजवूं लागतें आणि रेषा नंतर येतात. तीन काळ्या पट्ट्यांवर लहान हात आपोआप गोलाईनें बसतो, हा त्यांतील व्यावहारिक लाभ. अशा मालांत एकाच इयत्तेसाठीं धड्यांचें, लेखनाचें, बोटांच्या तंत्राचें आणि वादनाचें अशीं निरनिराळीं पुस्तकें असतात. तीं सर्व एकदम घेण्याची मुळींच गरज नाहीं. पहिल्या तीन महिन्यांत धड्यांचें पुस्तक आणि लेखनाचें पुस्तक एवढीं दोन पुरेशीं होतात. पियानोवर चार पुस्तकें उभीं राहिलीं म्हणजे रोजच्या वीस मिनिटांचे चार तुकडे होतात, आणि मुलाला एकहि पान पुरें झाल्याचें समाधान मिळत नाहीं.

दुकानांत पुस्तक हातीं घेतल्यावर पहावयाच्या गोष्टी फार नाहींत. प्रथम बोटांचे आंकडे पहावे. अंगठा एक आणि करंगळी पांच, असे आंकडे टिंबांवर छापतात. हाताची जागा दाखविण्यापुरता एखादा आंकडा असणें उपयुक्त आहे. प्रत्येक टिंबावर आंकडा असेल तर मूल आंकडेच वाचील. टिंबाच्या पोटांत स्वराचें अक्षर छापलेलें असेल आणि तें पानामागून पान तसेंच चाललेलें असेल, तर तोहि तोच दोष होय. त्यानंतर पुस्तक मध्यावर उघडावें आणि एका पानावर किती नव्या गोष्टी आल्या आहेत तें मोजावें. नवा स्वर, नवी मात्रा आणि नवें चिन्ह हीं तिन्ही एकाच पानावर आलीं असतील, तर लहान मुलासाठीं तें पुस्तक वेगवान आहे. नवी गोष्ट पुढच्या तीन-चार पानांत पुन्हा पुन्हा भेटते कीं नाहीं, हेंहि पहावें. एकदां सांगून विसरून जाणारीं पुस्तकें पुष्कळ आहेत. मात्रांची बाजू अशीच तपासावी. दोन मात्रा थांबणारे स्वर आणि विराम आरंभापासून असतील तर लय अंगांत मुरते. शेवटीं शिक्षकांनीं सोबत वाजवावयाची साथ दिलेली आहे काय, हें पहावें. मुलाच्या दोन-तीन स्वरांखालीं शिक्षकांची भरदार साथ आली म्हणजे तें साधें वाजविणेंहि संगीत होतें, आणि लय चुकली तर मुलाला तें तत्काळ कळतें.

चित्रांविषयीं दोन्ही बाजूंनीं अतिरेक होतो. सहा वर्षांच्या मुलाला मोठीं टिंबें, मोकळें पान आणि एखादें चित्र हवें असतें. दहा वर्षांच्या मुलापुढें सशा-अस्वलांचें पुस्तक ठेवणें हा त्याचा अपमान ठरतो, आणि तें मूल बोलून न दाखवितां वाद्याचाच कंटाळा करूं लागतें. प्रौढ विद्यार्थ्यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांना नियम चटकन् समजतो, परंतु बोटें उशिरां ऐकतात. त्यांच्यासाठीं खास लिहिलेलीं पुस्तकें मिळतात. त्यांत स्पष्टीकरण अधिक असतें आणि डाव्या हाताच्या कॉर्ड्स लवकर येतात. मुलाच्या पुस्तकावर आईनेंहि शिकावें ही काटकसर दिसावयास बरी दिसते, पण टिकत नाहीं.

पद्धतशीर पुस्तकाबरोबर खऱ्या संगीताचें एक लहान पुस्तक लवकरच असावें, कारण धड्यासाठीं रचलेल्या चालींनींच कान घडविला तर त्याला दुसरी चव राहत नाहीं. बाखची पत्नी आना माग्डालेना हिच्या १७२५ सालच्या वहींतील सोप्या रचना आजहि पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या हातीं येतात. त्यांतील जी मेजरमधील सुप्रसिद्ध मिन्युएट अनेक वर्षें बाखच्या नांवावर होता, तो ख्रिस्तियान पेट्झोल्ड याचा असल्याचें पुढें निश्चित झालें. रॉबर्ट शुमानच्या १८४८ सालच्या मुलांसाठींच्या संग्रहांत ४३ रचना आहेत, आणि त्यांतील आरंभीच्या कांहीं त्यानें आपल्या थोरल्या मुलीच्या सातव्या वाढदिवसासाठीं लिहिल्या. हंगेरीच्या बेला बार्तोकचा मिक्रोकोस्मोस हा सहा भागांचा व १५३ रचनांचा संग्रह १९२६ ते १९३९ या काळांत सिद्ध झाला. पहिले दोन भाग त्यानें आपला मुलगा पेटेर याला अर्पण केले. त्याच्या पहिल्या सहा चाली दोन्ही हातांनीं एकच सुरावट वाजवावयाच्या आहेत, म्हणजे डाव्या हाताला पहिल्या दिवसापासून समान मान. एकट्या मिक्रोकोस्मोसवर आरंभ करणें बहुतेक मुलांना रुक्ष वाटेल. दुसरें पुस्तक म्हणून तें बहुमोल आहे. लक्षांत घेण्याजोगें हें कीं, बाख, शुमान आणि बार्तोक या तिघांनींहि लिहितांना आपल्याच घरांतील मूल डोळ्यांपुढें ठेवलें होतें.

कांहीं पुस्तकें चांगलीं असूनहि पहिल्या दिवसासाठीं नव्हत. शार्ल-लुई हानों याचे १८७३ सालचे साठ व्यायाम बोटांना बळ देण्यासाठीं आहेत. वाचन न येणाऱ्या मुलाला ते दिले तर मन निजतें आणि बोटें चालूं राहतात. परीक्षांचीं पुस्तकेंहि अशींच. लंडनच्या असोसिएटेड बोर्डाच्या, १८८९ पासून चालत आलेल्या, आणि ट्रिनिटीच्या परीक्षा भारतांत अनेक मुलें देतात. प्रत्येक इयत्तेसाठीं निवडलेल्या रचनांचें पुस्तक मिळतें, पण तें शिकविण्याचें पुस्तक नव्हे. वर्षभर त्यांतील तीनच रचना घोटून प्रमाणपत्र मिळालेलें मूल चौथी रचना वाचूं शकत नाहीं, असा अनुभव शिक्षकांना वरचेवर येतो. वारशानें आलेलें जुनें इंग्रजी पुस्तक असेल तर आणखी एक सावधगिरी घ्यावी. एकोणिसाव्या शतकांतील कित्येक इंग्रजी पुस्तकांत अंगठ्याला फुलीसारखी खूण आणि पुढील बोटांना एक ते चार आंकडे असत. त्यांतला एक म्हणजे आजचा दोन. मुलाला तें देणें म्हणजे विनाकारण घोटाळा.

वाद्याकडे पाहूनहि पुस्तक निवडावें लागतें. पियानोला ८८ पट्ट्या असतात. पुष्कळ घरांत आज ६१ पट्ट्यांचा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असतो. पहिल्या पुस्तकाला ६१ पट्ट्या पुरतात. परंतु पट्टी हलकी किंवा जोरानें दाबल्यावर आवाज लहान-मोठा होत नसेल, तर पियानोच्या पुस्तकांतील पहिल्याच कांहीं पानांवरील हळू व मोठ्यानें वाजविण्याचा धडा त्या वाद्यावर शिकतां येणार नाहीं. कीबोर्डसाठीं म्हणून जीं पुस्तकें विकतात त्यांत डाव्या हातानें एक कॉर्ड दाबून ठेवली कीं यंत्रच ताल व साथ पुरवितें. तीं करमणुकीला ठीक आहेत. पियानोचा डावा हात त्यांतून घडत नाहीं.

मुंबईंत पुस्तकें पाहून घेण्याची सोय जुनी आहे. धोबीतलावच्या परिसरांतील फुर्टाडो या १८६५ सालीं स्थापन झालेल्या दुकानाचें नांव पाश्चात्य संगीत शिकणाऱ्या घरांत पिढ्यान् पिढ्या घेतलें जातें. अन्यत्र पुस्तक न पाहतां मागवावें लागतें, आणि अशा वेळीं शिक्षकांचा शब्द प्रमाण मानावा. किंबहुना शिक्षक ज्या पुस्तकाशीं परिचित आहेत तें मध्यम पुस्तक, त्यांना अपरिचित असलेल्या उत्तम पुस्तकापेक्षां मुलाच्या अधिक हिताचें ठरतें. छापील पुस्तकाला जें मूल ठाऊक नसतें, तें शिक्षकांना ठाऊक असतें. कोणतें पान गाळावें, कोणतें दोनदां घ्यावें, कोठें वहींत हातानें दोन ओळी लिहून द्याव्या, हें तेच ठरवूं शकतात. पालकांनीं शिक्षकांना विचारावें तें एवढेंच कीं, हें पुस्तक वाचन कोणत्या मार्गानें शिकवितें आणि त्याची उणीव आपण कशी भरून काढतां. ज्यांनीं विचारपूर्वक पुस्तक निवडलें आहे, त्यांना या प्रश्नाचा राग येत नाहीं.

सहा महिने झाल्यावर घरींच एक परीक्षा घ्यावी. त्याच पायरीचें दुसऱ्या कोणाचें तरी पुस्तक आणून त्यांतील एक अपरिचित ओळ मुलापुढें ठेवावी आणि शांतपणें वाट पहावी. तें अडखळेल, थांबेल, पुन्हा आरंभ करील. त्यांत कांहीं बिघडत नाहीं. शेवटीं ती चाल त्याला स्वतः सांपडली, तर पुस्तकाची निवड बरोबर झाली असें समजावें. तें बोटांचे आंकडे शोधूं लागलें किंवा “आधीं वाजवून दाखवा” म्हणून आग्रह धरूं लागलें, तर मुलाला बोल न लावतां शिक्षकांशीं विचारविनिमय करून पुस्तक बदलावें, आणि पहिल्या दहा पानांपासून पुन्हा आरंभ करावा. त्या दहा पानांना फार तर दोन महिने लागतील.